बंदी उठली म्हणे!

नमस्कार श्रोतेहो. रविवार, 18 फेब्रुवारी 2024. कांद्यावरची निर्यातबंदी उठवण्याचं ठरलं, अशी बातमी आली. टीव्हीवर पट्टी धावू लागली, मोबाइलवर मेसेज फिरू लागले. शनिवारी लासलगावला क्विंटलमागे सरासरी 1280 रुपये असलेला भाव सोमवारी 1800 वर गेला. मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगून टाकलं, बंदी उठलेली नाही, 31 मार्चपर्यंत कायम आहे!

निफाडकडच्या माझ्या मेहुण्यांचा त्या रविवारी फोन आला होता. ‘‘दाजी, उठली म्हणे बंदी. कांदा काढायला घेऊ का?’’ मी पुण्यात बसून बेधडक म्हणालो, ‘‘घ्या की. टीव्हीवर दाखवतायत.’’ अजूनही ते मला त्यावरून ऐकवतात.

तेव्हापासून मी बातम्यांना वेळ ठरवून दिली. सकाळी चहा उकळेपर्यंत आकाशवाणी. दहा मिनिटांत राज्यभर फिरून येता येतं, आणि कुणी ओरडत नाही. मग पेपर. आमच्या घरी वर्षानुवर्षं एकच येतो, तो बंद करायची माझी छाती नाही. पण आता त्याच्या जोडीला नाशिककडच्या एका दैनिकाचा ई-पेपर उघडतो आणि थेट बाजारभावाचं पान काढतो. किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. मथळ्यात बहुधा कमालच झळकतो, पण तो भाव मोजक्याच गोण्यांना मिळालेला असतो. बहुतेकांच्या हाती पडतो तो सर्वसाधारण. शिवाय पुण्याच्या पेपरात ज्या दिवशी ‘कांद्याने रडवले’ असतं, त्याच दिवशी तिकडे ‘उत्पादकांना दिलासा’ असतो. दोन्ही खरंच असतं. एकाने पिशवी घेऊन बाजार पाहिलेला, दुसऱ्याने ट्रॅक्टर घेऊन.

रात्री अर्धा तास टीव्ही. चर्चा सुरू झाली की बंद.

राहिला मोबाइल. त्यावर आलेला मेसेज मी आधी मुळाशी जाऊन पडताळतो. निर्यातबंदी लागते किंवा उठते ती विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने, आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. त्या रविवारी तिथे काहीच नव्हतं. मार्च सरायच्या आतच बंदीची मुदत वाढली, आणि ती खरोखर उठली 4 मे रोजी. तीही टनाला किमान 550 डॉलर भावाची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवून. पट्टीवर एवढं मावत नाही.

हल्ली मेहुण्यांनी काही पाठवलं की मी एकच शब्द लिहितो, ‘अधिसूचना?’ तासभर उत्तर येत नाही. मग येतं, ‘शोधतोय दाजी.’