प्रत्येक लाल चट्टा नायटा नसतो

एका मुलीच्या कानामागे चट्टा उठला होता, लाल, कडा एकदम स्पष्ट, वर पातळ पांढरट खपली. घरच्यांना वाटलं नायटाच आहे, मग मेडिकलमधून ट्यूब आणली, तिच्यात स्टेरॉइड होतं, त्यामुळे थोडे दिवस बरं वाटलं आणि ट्यूब थांबवल्यावर परत सगळं उफाळून आलं. हा सोरायसिस आहे, त्वचेवर खपलीचे चट्टे येणारा आणि पुन्हा पुन्हा उफाळणारा आजार. लहान मुलांनाही होतो, साधारण एक तृतीयांश पेशंटमध्ये तर सुरुवातच लहानपणी झालेली असते.

मोठ्यांच्या कोपर-गुडघ्यांवर असतात तसे जाड थर मुलांना असतीलच असं नाही. खपली पातळ असते, खाज बरीच येते, आणि चट्टे चेहरा, पापण्या, डोकं, बेंबी, जांघ कुठेही येतात. डोक्यात असेल तर कोंडा समजून नुसते शाम्पू बदलले जातात. बाळाला डायपरच्या जागी झालं तर रॅश वाटतं, पण साधं रॅश सहसा जांघेच्या घडीत शिरत नाही, सोरायसिस घडीतसुद्धा लालभडक होतो. नखंही बघाच, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले किंवा सांधे सुजत, आखडत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता जीन्स, म्हणजे जनुकं. सहाव्या क्रोमोसोमवरच्या (गुणसूत्रावरच्या) एचएलए-सी या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जीनचा ०६:०२ हा प्रकार लवकर सुरू होणाऱ्या सोरायसिसशी सगळ्यात जास्त जोडलेला आहे. पण तो असलेल्या बहुतेकांना आजार होतच नाही, अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला होतो आणि दुसऱ्याला नाही असं घडतं, म्हणून कृपा करून आईच्या माहेरचं की बाबांच्या घरचं हा वाद घालू नका. जीन्समुळे फक्त कल तयार होतो, निमित्त बऱ्याचदा वेगळंच असतं, जसं की घसा. घशात स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूचं इन्फेक्शन होऊन दोन-तीन आठवडे झाले की पोट-पाठीवर थेंबाएवढे लाल ठिपके एकदम उठतात, घसा तर कधीच बरा झालेला, त्यामुळे दोन्हीचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. खरचटलं, लस टोचली, घट्ट इलॅस्टिक घासलं, तिथेही चट्टा उठू शकतो.

आणि हा आजार शिवल्याने, एका डब्यात जेवल्याने पसरत नाही, अजिबात नाही. तरी अशा मुलांना वर्गात वेगळं बसवलं जातं, ऐकूनच जीव तुटतो. त्वचारोगतज्ज्ञांकडून तशी चिठ्ठी लिहून घ्या आणि वर्गशिक्षकांना स्वतः जाऊन भेटा.