एलफिन्स्टन: माणसं थोडी, पाट्या फार

(दृश्य: ढगाळ आभाळ, नांगरलेलं शेत, शेताच्या कडेला पडक्या गढीचा बुंधा.)

स्कॉटलंड. एडिंबरा शहराच्या पूर्वेला, ट्रॅनेंट गावाच्या शेजारी हे एक छोटंसं गाव आहे. कोळशाच्या खाणींचा मुलूख. इथे साधारण पंधराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली एक उंच दगडी गढी होती. भिंती इतक्या जाड, की त्या भिंतींच्या पोटातच लहान लहान खोल्या काढलेल्या होत्या. पाचशे वर्षं ती गढी उभी राहिली. मग खालून कोळसा काढून काढून जमीन खचायला लागली, आणि १९५५ साली ती पाडावी लागली. आता उरलाय तो फक्त बुंधा.

गावाचं नाव एलफिन्स्टन.

हो, तेच. मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहून आपण हजार वेळा ऐकलेलं. दादरच्या आधी उतरायचं असायचं तेच.

(दृश्य: जुन्या दस्तऐवजावरची लॅटिन अक्षरं, जवळून.)

आधी या नावाची फोड करू. शेवटी ‘स्टोन’ दिसतं म्हणून दगडाशी संबंध लावायचा मोह होतो, पण इथे दगड नाही. शेवटचा तुकडा आहे ‘टून’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाडी, वस्ती. आधीचा ‘एल्फिन’ हा बहुधा कोणातरी माणसाच्या नावाचा अवशेष. म्हणजे अमक्याची वाडी, इतकंच. ‘फ’साठी ‘पीएच’ लिहिण्याची हौस नंतरच्या लेखनिकांची. सुमारे १२३५ च्या एका दस्तात या घराण्याचा उल्लेख येतो तो ‘द एल्फिन्स्टून’ असा. हे ‘द’ म्हणजे ‘चा’, त्या गावचा. आपल्याकडे त्याला एलफिन्स्टनकर म्हटलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

घराणं मोठं झालं, की त्याला साधं मूळ पुरत नाही. जुन्या वंशावळींत एक झकास कथा आहे: जर्मनीतल्या हेल्फेनस्टाइन नावाच्या सरदार घराण्यातला एक वीर रॉबर्ट ब्रूसच्या काळात स्कॉटलंडात आला, ब्रूसच्या नात्यातली मुलगी त्याने केली, जमीन मिळवली आणि तिला आपलं नाव दिलं. कथेत अडचण एकच. रॉबर्ट ब्रूस राजा झाला १३०६ मध्ये, आणि एल्फिन्स्टूनकर मंडळी त्याच्या सत्तर वर्षं आधीपासून कागदावर आहेत. घराण्याचं मूळ परदेशातल्या राजेरजवाड्यांत शोधायची खोड फक्त आपल्याच भाटांना होती असं नाही.

(दृश्य: स्कॉटलंडचा नकाशा. पूर्वेकडचा एक ठिपका, मग पश्चिमेकडे दुसरा.)

आडनाव गावातून निघालं. आता ते कुठे कुठे गेलं ते पाहू.

चौदाव्या शतकात घराण्यातल्या एकाचं लग्न एअर्थ इथल्या मुलीशी झालं. एअर्थ म्हणजे स्टर्लिंगच्या बाजूला, फोर्थ नदीच्या काठावरचा सखल प्रदेश. लग्नाबरोबर जमीन आली, जमिनीवर नवी गढी उठली आणि तिलाही नाव पडलं एलफिन्स्टन. खाली नदीकाठी वस्ती होती, तिचं नाव एलफिन्स्टन पॅन्स. पॅन्स म्हणजे मिठागरं. गावाने घराण्याला नाव दिलं होतं. आता घराणं दुसऱ्या गावाला नाव देत होतं.

आणि मूळ गावाचं काय? पंधराव्या शतकात तिथल्या शाखेत वारस उरली ती मुलगी. तिचं लग्न जॉनस्टन घराण्यात झालं, आणि एलफिन्स्टनची गढी जॉनस्टनांची झाली. एलफिन्स्टन गावात एलफिन्स्टन उरले नाहीत. १५४६ च्या जानेवारीत धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला पकडून याच गढीत कार्डिनल बीटनपुढे आणलं आणि पुढे मार्चमध्ये सेंट अँड्र्यूजला जिवंत जाळलं. त्या प्रसंगी घरमालक जॉनस्टन होते.

तिसरा ठिपका उत्तरेला, ॲबर्डीनशरमध्ये. १५०७ च्या सुमारास राजा चौथ्या जेम्सने किलड्रमी हा प्रचंड किल्ला एलफिन्स्टनांना दिला. १६२६ मध्ये मार घराण्याने दावा जिंकून तो परत घेतला. किल्ला गेला, पण आडनाव त्या मुलखात रुजून राहिलं. आणखी उत्तरेला, ऑर्कनी बेटांतल्या सँडे बेटावर लॉपनेस इथेही एक शाखा होती. म्हणजे हा पसारा स्कॉटलंडच्या पूर्व अंगाने वर वर सरकत गेलेला दिसतो. अख्ख्या ब्रिटनचा आडनाव-नकाशा मांडायचा तर अभ्यासक १८८१ ची जनगणना हाताशी घेतात. त्यात स्मिथ सगळीकडे सांडलेले असतात. एलफिन्स्टनसारखं एकाच गावाचं आडनाव मात्र आपलं स्कॉटिश मूळ लपवत नाही.

(दृश्य: ॲबर्डीनचं किंग्ज कॉलेज, दगडी मुकुट असलेला मनोरा.)

ॲबर्डीनला या नावाला मान आहे, पण तो किल्लेवाल्यांमुळे नाही. विल्यम एलफिन्स्टन, जन्म १४३१, ग्लासगोचा. वडील पाद्री. पाद्र्याला लग्न करता येत नसे, तेव्हा मुलगा अनौरस. धर्मसेवेत शिरायला त्याला पोपची खास सवलत घ्यावी लागली. हाच विल्यम पुढे ॲबर्डीनचा बिशप झाला, राज्याचा चॅन्सेलर झाला, आणि १४९५ मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरकडून सनद मिळवून त्याने ॲबर्डीनचं विद्यापीठ स्थापन केलं. स्कॉटलंडातला पहिला छापखाना सुरू झाला त्यामागेही तोच होता. राजाकडून १५०७ मध्ये परवाना निघाला, आणि बिशपला हवा असलेला प्रार्थनाग्रंथ दोन-तीन वर्षांत छापून बाहेर पडला.

ज्याच्या आडनावावर तेव्हाच्या समाजाने बोट ठेवलं असतं, त्याच्याइतकं ते आडनाव कोणी मोठं केलं नाही, असं मला वाटतं. आणि तो बिशप. त्याच्यामागे ते नाव लावणारं लेकरू नाही.

हे लक्षात ठेवा. कारण हाच प्रकार पुन्हा पुन्हा होणार आहे.

(दृश्य: फ्लॉडनची टेकडी, वाऱ्यात हलणारं गवत.)

पहिला लॉर्ड एलफिन्स्टन १५१० च्या आसपास झाला आणि ९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत राजाबरोबरच पडला. दंतकथा सांगते, की तो दिसायला राजासारखा होता, म्हणून इंग्रजांनी त्याचंच प्रेत राजाचं समजून उचललं. दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत मारला गेला. पिंकीचं मैदान मूळ एलफिन्स्टन गावापासून काही मैलांवर. पूर्वज जिथून निघाले, तिथेच जवळपास येऊन पडला.

घराण्याची एक पाती बॅल्मेरिनो या किताबाने ओळखली जाई. तिच्या पहिल्या लॉर्डने राजाच्या सहीच्या कागदांत पोपला लिहिलेलं पत्र गुपचूप सरकवलं. ते उघडकीला आल्यावर मृत्युदंड झाला, पण अंमलात आला नाही. सहावा, आर्थर एलफिन्स्टन, इतका नशीबवान नव्हता. गादी गमावलेल्या स्ट्युअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या बंडात तो सामील झाला, कलोडनच्या पराभवानंतर हाती लागला, आणि १८ ऑगस्ट १७४६ ला लंडनच्या टॉवर हिलवर, बंडाच्या गणवेशातच, त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याला मूल नव्हतं. किताब जप्त झाला, पाती संपली.

त्याच १७४६ साली स्टर्लिंगकडच्या एलफिन्स्टन गढीत एक मुलगा जन्मला, जॉर्ज कीथ एलफिन्स्टन. हा आरमारात गेला, १७९५ मध्ये केप ऑफ गुड होप डचांकडून घेणाऱ्या मोहिमेत होता, ॲडमिरल झाला, व्हायकाउंट कीथ झाला. १८१५ मध्ये, सेंट हेलेनाला जावं लागणार हा निर्णय नेपोलियनला कळवायचं काम त्याच्याकडे आलं. त्याला मुलगा नव्हता. थोरली मुलगी मार्गारेट हिने दोनच वर्षांनी लग्न केलं, आणि तेही नेपोलियनच्याच एका निकटच्या सेनाधिकाऱ्याशी, फ्लाहो याच्याशी. सासऱ्याच्या घरी काय वातावरण असेल याचा अंदाज आपण करू शकतो. इथेही आडनाव थांबलं.

ॲडमिरल जन्मला त्या गढीचीही गंमत आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर ती मालमत्ता अर्ल ऑफ डनमोरकडे गेली. मग गढी झाली डनमोर टॉवर, आणि एलफिन्स्टन पॅन्स गाव झालं डनमोर. पाटी बदलली. हा मुद्दा आपल्याला पुढे मुंबईत लागणार आहे.

(दृश्य: जुनं रंगीत चित्र, पुण्याचा संगम.)

ॲडमिरलचा थोरला भाऊ विल्यम. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचा कप्तान, पुढे कंपनीचा संचालक आणि अध्यक्ष. त्याने फुलर्टन घराण्यातली वारसदार मुलगी केली आणि आपल्या नावात फुलर्टन जोडून घेतलं. स्कॉटलंडात हे नेहमीचं. जमीन मुलीकडून आली तर तिच्या घराण्याचं नाव जावई लावतो. ॲबर्डीनशरची एक शाखा अशीच ‘डॅलरिम्पल-हॉर्न-एलफिन्स्टन’ झाली. नाव टिकवायची ही युक्ती, फक्त त्यात नाव आगगाडीसारखं लांबतं.

काका संचालक, तेव्हा पुतण्याची सोय झाली. लॉर्डाचा चौथा मुलगा, म्हणजे वडिलोपार्जित काही मिळायचं नाही. १७९६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला उतरला. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. माउंट स्टुअर्ट हे ब्यूट बेटावरच्या एका वाड्याचं नाव. म्हणजे नावातही ठिकाण आणि आडनावातही ठिकाण.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १८११ पासून पुण्याला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी. मराठी कागदांत हा ‘अल्पिष्टन साहेब’. मालेटचा मालीट, स्ट्युअर्टचा इष्टुर, तसा एलफिन्स्टनचा अल्पिष्टन. माझ्या मते मूळ ‘एल्फिन्स्टून’ला हा उच्चार आजच्या इंग्रजी स्पेलिंगपेक्षा फारसा दूर नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, संगमावरचा त्याचा बंगला पेटवला गेला आणि त्यात त्याची पुस्तकं जळाली. पेशवाई गेली. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच काळात, १८२१ मध्ये, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या नावे निधी जमवला. त्यातून एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि पुढे एलफिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवत. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि प्राध्यापकही झाले. डॉ. आंबेडकर तिथलेच पदवीधर.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. मुंबईला एलफिन्स्टन दोन. कॉलेज माउंटस्टुअर्टचं, स्टेशन त्याच्या पुतण्याचं. जॉन, तेरावा लॉर्ड एलफिन्स्टन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. सत्तावन साल त्याच्या कारकिर्दीत आलं. माथेरान वसलं त्यामागे हाच. आजचं हॉर्निमन सर्कल एकेकाळी एलफिन्स्टन सर्कल होतं, तेही याच्याच नावाने.

आणि तिसरा एलफिन्स्टन काबूलला. जनरल विल्यम, त्या कंपनीवाल्या काकाचा मुलगा, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. १८४२ च्या जानेवारीत, पहिल्या अफगाण युद्धात माघार घेताना, काबूलहून सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बुणगे घेऊन तो बर्फातून निघाला. १३ जानेवारीला जलालाबादच्या तटावरून दिसला तो एकटा घोडेस्वार, डॉक्टर ब्रायडन. काही जण कैदेत राहिले, काही मागाहून परतले. जनरल एप्रिलमध्ये कैदेतच मेला. अफगाणांच्या दरबाराकडे कंपनीचा पहिला वकील म्हणून १८०८ मध्ये कोण गेला होता? माउंटस्टुअर्टच. एकाच घरातून वकिलातही गेली आणि सर्वनाशही.

माउंटस्टुअर्टने लग्न केलं नाही. सरेमधल्या लिम्प्सफील्डला त्याची कबर आहे. तेरावा लॉर्डही अविवाहित; १८६० मध्ये तो वारला आणि किताब चुलत शाखेकडे गेला. बिशप, बॅल्मेरिनो, ॲडमिरल, माउंटस्टुअर्ट, त्याचा पुतण्या. ज्यांनी ज्यांनी हे नाव गाजवलं, त्यांच्याकडून ते पुढे गेलंच नाही. ते पुढे नेलं धाकट्या शाखांनी, ज्यांची नावं इतिहासात फारशी येत नाहीत. हे आडनाव दुर्मीळ राहण्यामागे मला हे एक मोठं कारण वाटतं.

(दृश्य: नकाशावर उमटत जाणारी नावं.)

पाट्या मात्र पसरल्या. महाबळेश्वरला एलफिन्स्टन पॉइंट. ओमानच्या मुसंदम किनाऱ्यावरची खोल खाडी, एलफिन्स्टन इनलेट. आता तिला खोर अश-शम म्हणतात. इजिप्तमध्ये मार्सा आलमजवळचं प्रवाळ, एलफिन्स्टन रीफ, जिथे पाणबुडे शार्क बघायला जातात. कॅनडाच्या मॅनिटोबात एक एलफिन्स्टन गाव. यातल्या कुठल्याही ठिकाणी एलफिन्स्टन आडनावाचा माणूस शोधायला गेलात, तर चहावाल्याने चमत्कारिक नजरेने बघावं अशी परिस्थिती.

घराण्याची मुख्य शाखा पुढे कारबेरीला राहिली. कारबेरी मसलबराजवळ; मूळ एलफिन्स्टन गावाच्या अगदी शेजारी. फुलर्टनांच्या वारसाने ती जागा मिळाली होती. पाचशे वर्षांनी घर हाकेच्या अंतरावर आलं. १९६१ मध्ये तेही त्यांनी स्कॉटलंडच्या चर्चला देऊन टाकलं.

(दृश्य: परळ. पुलाखालून जाणारी लोकल.)

२९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात एलफिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसं गेली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. शेजारचा रस्त्याचा पूल, शंभर वर्षांहून जुना, सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला. वाहतूक वळवल्याच्या सूचना निघाल्या तेव्हा बातम्यांत लिहिलं होतं: एलफिन्स्टन पूल.