कातळ, खाचर, खाडी: दापोलीच्या विद्यापीठाचं विज्ञान

[दृश्य: सकाळची वेळ. आंब्याचा मोहोर, अगदी जवळून. चिमटा धरलेली बोटं.]

ऊन चढायच्या आत संकराचं हे काम उरकावं लागतं. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली बरीचशी नर. फळ धरू शकतील अशी द्विलिंगी फुलं थोडीच, ती आधी हुडकायची. अशा फुलात कामाचा पुंकेसर बहुधा एकच असतो. तो चिमट्याने काढून टाकायचा आणि दुसऱ्या जातीच्या झाडावरून आणलेले परागकण कुक्षीवर अलगद टेकवायचे. मग वर पिशवी बांधायची आणि चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर तारीख, आई कोण, बाप कोण.

एवढं करूनही फळं धरतात ती अगदी मोजकी. धरलेली काही वाऱ्याने गळतात. आणि टिकलेल्या फळात कोय एकच, म्हणजे एका फळामागे हाती येतं एक बी. ते रुजवायचं, रोप वाढवायचं, त्याला पहिला मोहोर येईपर्यंत काही वर्षं थांबायचं. त्यानंतर फळाचं वजन, गराचं प्रमाण, साल, गोडी, टिकाऊपणा यांच्या नोंदी हंगामामागून हंगाम करत राहायच्या. बहुतेक रोपं शेवटी बादच होतात.

[दृश्य: कापलेला हापूस. आत पांढुरका, पोकळ साका.]

एवढा खटाटोप कशासाठी, ते या फोडीत दिसतं. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापला की आत साका, म्हणजे न पिकलेला पांढुरका गर निघतो. सालीवरून त्याचा पत्ता लागत नाही. झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात तो अधिक आढळतो, आणि तापलेल्या जमिनीतून येणारी उष्णताही त्याला कारण होते. म्हणून चौदा आणे तयार झालेलं फळच काढा, असा सल्ला दिला जातो. हापूसची दुसरी खोड सगळ्या बागायतदारांना ठाऊक आहे. एक वर्ष भरभरून, पुढचं वर्ष रिकामं.

नीलम जातीत या दोन्ही खोडी नाहीत. तेव्हा नीलम आई आणि हापूस बाप असा संकर झाला आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून 1981 मध्ये 'रत्ना' आला. दरवर्षी फळणारा, साका नसलेला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये 'सिंधू' आला. त्याची कोय एवढी पातळ की पहिल्यांदा कापणारा चकितच होतो. बाजार मात्र अजून हापूसच्या नावावरच चालतो.

[दृश्य: वरून दिसणारी कोकण किनारपट्टी. कातळसडा, त्याखाली भातखाचरं, मग नारळाचं आगर, मग खाडी.]

18 मे 1972 रोजी दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखलं जातं. मुख्य आवार दापोलीत असलं, तरी या विद्यापीठाचं विज्ञान एका आवारात मावणारं नाही. भाताचं काम कर्जतला आणि शिरगावला, आंबा-काजूचं वेंगुर्ल्याला, नारळाचं भाट्याला, खारजमिनीचं पनवेलला, शेळ्यांचं निळेलीला, माशांचं रत्नागिरीला. यातली काही केंद्रं तर विद्यापीठाहूनही जुनी आहेत.

हा पसारा कुणी हौसेने मांडलेला नाही. कोकणातलं घर एका पिकावर कधीच चाललं नाही. खाचरात भात, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, कातळावर आंबा-काजू, आगरात माड-पोफळ, गोठ्यात दोन गुरं, आणि खाडीचं म्हावरं. जे विद्यापीठ या माणसासाठी उभं राहिलं, त्याला एकाच विषयात तज्ज्ञ होऊन चालणार नव्हतं. म्हणूनच इथे वनस्पतिशास्त्राचा माणूस मातीच्या रसायनाबद्दल बोलतो आणि मातीचा माणूस भरती-ओहोटीबद्दल.

[दृश्य: जुलै अखेर. भर पावसात आंब्याच्या झाडाखाली टेप धरलेली दोन माणसं.]

आता पुन्हा हापूसकडे. जात बदलायला बाजार तयार नसेल, तर झाडाची सवय बदलता येईल का? दापोलीत या प्रश्नावर बरीच वर्षं काम झालं. जिबरेलिन नावाचं संजीवक झाडाला पालवीकडे ओढत असतं. पॅक्लोब्युट्राझोल हे औषध ते तयार होण्याला आळा घालतं. पालवी आवरली की झाड मोहोराकडे वळतं.

मोजमाप कसं होतं ते बघा. झाडाचा घेर, म्हणजे फांद्यांचा पसारा, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजून सरासरी व्यास काढतात. दर मीटरला 3 मिलिलिटर औषध, पाण्यात मिसळून. बुंधा आणि घेराची कड यांच्या मधोमध गोलाकार 25 ते 30 छोटे खड्डे, बोटभर नव्हे, चांगले 10 ते 12 सेंटिमीटर खोल. प्रत्येकात सारखं द्रावण ओतायचं आणि माती लोटायची. 15 जुलै ते 15 ऑगस्ट हा त्याचा काळ, कारण मुळांपर्यंत पोचायला ओल हवी. याने वर्षाआड फळण्याची खोड आटोक्यात आली. बेहिशेबी मात्रा आणि खताची हेळसांड झाली की झाडं थकतात, हेही बागांमधून दिसलं आहे.

[दृश्य: कर्जत. फुलोऱ्यात आलेलं भात. दोन माणसं दोन बांधांवर, मध्ये ताणलेला दोर.]

संकरित भाताचं बियाणं असं तयार होतं. रांगा पाहून घ्या. काही रांगा नराच्या, बाकीच्या मादीच्या. मादी म्हणजे जिचे परागकण वांझ आहेत अशी ओळ. भात मुळात स्वपरागी, आपल्याच फुलात आपलं काम उरकणारं पीक. त्याला दुसऱ्याचे पराग घ्यायला लावायचे तर दोन्ही ओळी एकाच वेळी फुलोऱ्यात यायला हव्यात, म्हणून पेरणीचे दिवस मागेपुढे करून ठेवलेले असतात. फुलं उघडतात ती साधारण दुपारच्या आत, थोडाच वेळ. तेवढ्यात हा दोर नराच्या लोंब्यांवरून ओढत न्यायचा. धुरळा उठलेला दिसतोय, ते पराग. थोड्या वेळाने पुन्हा एक फेरी.

कर्जतच्या केंद्रातून 'सह्याद्री' नावाची संकरित भाताची मालिका निघाली ती याच मार्गाने. संकरित बियाणं मात्र शेतकऱ्याला दरवर्षी नवं घ्यावं लागतं.

[दृश्य: खाडीचा बांध. बांधाच्या आत भात, बाहेर भरतीचं पाणी.]

इथे भाताचा शत्रू वेगळा आहे. खारबांध फुटला की समुद्राचं पाणी खाचरात शिरतं, आणि भाताचं रोप लहान असताना व फुलोऱ्याच्या वेळी मीठ मुळीच सोसत नाही. खारजमिनीत पूर्वापार राता जातीचा भात पिकवला जाई. काळा राता, भुरा राता. तांबडा दाणा, उत्पन्न बेताचं, पण खाऱ्या जमिनीत तग धरणारा. पनवेलच्या केंद्राने हा गुण हेरला. भुऱ्या रात्याचा जास्त उत्पन्न देणाऱ्या आयआर-8 या जातीशी संकर करून 'पनवेल-1' तयार झाला. या जाती शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखल्या नसत्या, तर प्रयोगशाळेला संकर करायला काय उरलं असतं? या कामात खारपट्टीतल्या शेतकऱ्याचा वाटा शास्त्रज्ञाइतकाच मोठा आहे, आणि तो तितक्याच मोठ्याने सांगितला गेला पाहिजे.

[दृश्य: भाट्याची बाग. माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, माडावर चढलेली मिरी.]

माडामाडांमध्ये बरीच जागा मोकळी राहते, आणि तिथे ऊन गाळून येतं. मसाल्याच्या झाडांना असंच ऊन मानवतं. त्यावर बेतलेली ही 'लाखी बाग'. जायफळाचा एक पेच होता. त्याच्यात नर झाडं वेगळी, मादी वेगळी, आणि बीपासून केलेलं रोप यातलं कोण हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. तोवर कितीतरी वर्षं खत-पाणी घालून झालेलं असतं. मादी झाडाच्या काडीचं कलम केलं की हा प्रश्नच उरत नाही. कोकमाचंही असंच.

अशा बागांना धोका असतो तो वाऱ्याचा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-श्रीवर्धनच्या पट्ट्यात माड-पोफळीच्या उभ्या बागा आडव्या झाल्या.

[दृश्य: निळेली. कळपातून कॅमेऱ्याकडे पाहणारी शेळी.]

तोंडाच्या दोन्ही बाजूंना नाकपुडीपासून कानापर्यंत गेलेले हे पांढरे पट्टे पाहिलेत की ओळख पटते. ही 'कोकण कन्याळ'. सिंधुदुर्गातली ही शेळी कोकणच्या मुसळधार पावसात टिकून आहे. विद्यापीठाने तिची मोजमापं, वाढ, वेताच्या नोंदी ठेवल्या. आज ती नोंदणीकृत स्वतंत्र जात आहे. कोकणातल्या 'कोकण कपिला' गाईलाही अशीच स्वतंत्र ओळख मिळाली आहे.

[दृश्य: रत्नागिरीचं मत्स्यालय. काचेमागे मासे, मग देवमाशाचा सांगाडा.]

कृषी विद्यापीठात देवमाशाचा सांगाडा काय करतोय, असं इथे येणाऱ्या मुलांना वाटतंच. उत्तर साधं आहे: कोकणात समुद्रही शेतासारखाच पोट भरतो. रत्नागिरीजवळच्या शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. मत्स्यबीज, कोळंबी, शोभिवंत मासे, मासळी टिकवण्याच्या पद्धती, सगळं तिथे शिकवलं आणि तपासलं जातं.

[दृश्य: रोपवाटिका. काजूची कलमं बांधणारे हात, जवळून.]

शेवटी वेंगुर्ल्याचा काजू. खुंटरोप, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते रोप, कोवळंच, दोनएक महिन्यांचं. त्याचा शेंडा छाटून खोडात उभी चीर देतात. निवडक झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात आणि ओल टिकावी म्हणून वरून लांबट पिशवी चढवतात. हात बसलेला कामगार हे सगळं बोलता बोलता करतो. असं बांधलेलं प्रत्येक रोप त्या मूळ झाडाचंच असतं, गुणांत फरक नाही. बीच्या रोपाची ती खात्री देता येत नाही. 'वेंगुर्ला-4' तयार झाला तेव्हा त्यातला एक पालक होता 'वेतोरे-56', सिंधुदुर्गातल्याच गावाचं नाव असलेली निवड. 1981 ची ही जात आणि तिच्यामागून 1997 मध्ये आलेला टपोऱ्या बीचा 'वेंगुर्ला-7', दोन्हींची कलमं आता गोवा-कर्नाटकातही लागतात.