दाढीचा साबण पाणी धरतो
(फोंड्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक अशी करून दिली. ती खोटी नाही. पण आजच्या विषयावर बोलायचा अधिकार मला शाळेनं दिलेला नाही, तो पेडणे महालातल्या एका धोकटीतून आला. माझे वडील गावात केस-दाढीचं काम करायचे.

आमच्याकडे जत्रेला दशावतार ठरलेला. त्यात बायकांची कामं पुरुषच करतात, हे इथं कुणाला सांगायला नको. स्त्रीपार्टी नटाच्या गालावर सकाळची दाढी संध्याकाळी हिरवट दिसायला लागते, आणि ती रंगाखालूनही लपत नाही. म्हणून तोंडाला रंग लागायच्या आधी बाबांना बोलावणं यायचं. नट घाईत, मॅनेजर त्याहून घाईत, आणि बाबा मात्र गरम पाण्यात पिळलेला पंचा नटाच्या तोंडावर ठेवून शांतपणे विडी ओढत बसायचे. मग ब्रश. तोही बराच वेळ. वस्तरा हातात यायचा तो सगळ्यात शेवटी. एकदा मॅनेजर वैतागला तेव्हा बाबा म्हणाले, "दाढी पाणी करतं. साबण फक्त त्याला गालावर बसवून ठेवतो."

पुढे बी. एस्सी. करताना कळलं की बाबांचं म्हणणं पुस्तकातही तसंच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा. तो दोन-तीन मिनिटं भिजला की पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो आणि पात्याला फारच कमी जोर लागतो. अडचण एवढीच की नुसतं पाणी गालावर ठरत नाही. ओघळतं, नाहीतर पंख्याखाली वाळतं. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पडद्यांत कोंडलेली हवा. ते पडदे जितके बारीक आणि चिवट, तितकं पाणी जास्त वेळ केसाला लागून राहतं, आणि पातंही घसरत जातं. चांगल्या साबणाची परीक्षा हीच. वास, डबी, किंमत हे सगळं त्यानंतर.

आता आपण गोंयकार, आपला जीव नारळात. खोबरेल तेलाचा साबण ब्रश लावताच भसाभसा फेस देतो आणि आपण खूश होतो. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचे बुडबुडे मोठे, झटपट येणारे आणि तितकेच झटपट फुटणारे. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस बसलेला असतो, वर कातडी कोरडी पडते ती वेगळीच. टिकाऊ, दाट फेस येतो स्टिअरिक आम्लातून. हे आम्ल आपल्या घरातही आहे, बरं का! पावसाळ्यात टाचांच्या भेगांना आजी लावायची तो भिरंडेलाचा पांढरा गोळा आठवतो? कोकमाच्या बियांच्या त्या तेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं. घरगुती साबण करणाऱ्यांनी ते दाढीच्या वडीत घालून पाहावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

म्हणून दुकानात गेलात की डबी उलटी करा. घटकांच्या यादीत स्टिअरिक आम्ल किंवा पोटॅशियम स्टिअरेट पहिल्या दोन-तीन नावांत दिसलं पाहिजे, थोडं खोबरेल आणि ग्लिसरीन हवं. अंगाचा साबण सोडियमचा असतो, कडक आणि हळू विरघळणारा. दाढीच्या साबणात पोटॅशियम असतं, म्हणून तो मऊ राहतो आणि ब्रशवर चटकन चढतो. अंगाच्या साबणानं दाढी करणारे या सभागृहात असतील. त्यांच्या हनुवटीवर मला आत्ताच दोन तुकडे दिसताहेत कागदाचे. यादीत 'टॅलोएट' असलं तर ती जनावराची चरबी. तिचा फेस उत्तम होतो, पण ज्यांना चालत नाही त्यांनी वाचूनच घ्यावं. पोर्तुगालहून पाहुणे म्युस्गो रिआलची ट्यूब आणतात. ती बनवणारी क्लाउस पोर्तो ही १८८७ सालची कंपनी, वास झकास. पण ते क्रीम. क्रीममध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे फेस लवकर होतो आणि ट्यूबही लवकर संपते. माझी वडी चार महिने सहज पुरते. फवाऱ्याच्या डब्याबद्दल मी बोलत नाही. त्यात बरीचशी हवाच विकत घेतो आपण.

वापरताना नव्वद टक्के लोकांचं एकाच ठिकाणी चुकतं. ब्रश ठिबकता घेऊन वडीवर फिरवतात आणि पाच सेकंदांत समाधान मानतात. ब्रश भिजवा, झटका, मग वडीवर निदान अर्धा मिनिट फिरवा, केसांच्या टोकांना घट्ट मलई लागेपर्यंत. त्यानंतर वाटीत किंवा थेट गालावर घोळवा आणि पाणी थेंबाथेंबानं घाला. सुरुवातीला फेस कोरडा, मळकट पांढरा दिसेल. तिथं थांबू नका. आणखी दोन थेंब. आता त्याला चमक येईल, सायीच्या दह्यासारखा होईल. ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं, पुन्हा वडीवर जा. ही चमक ओळखायला मला, बाबांच्या पोटी जन्मून, महिना लागला.

पाण्याचंही सांगतो. आपल्या चिऱ्यांच्या विहिरींचं पाणी मऊ, ओपाच्या पाणीपुरवठा केंद्रातून येणाऱ्या नळालाही नदीचंच पाणी, त्यामुळे इथं साबण लाडात येतो. माझा मेहुणा सोलापूरला बोअरचं पाणी वापरतो. मी दिलेल्या वडीला त्यानं शिव्या घातल्या. दोष वडीचा नव्हता. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याची चिकट साय करतं, फेस होतच नाही. आरओ फिल्टरचं एक भांडं पाणी दिलं, तर तोच मेहुणा फोनवर गाणं म्हणायला लागला. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात खारट होतात, तिथल्यांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटचं म्हणजे जुलै. आपल्या हवेत वडी बंद डबीत ठेवली की आठवड्यात खाली पाणी साचतं आणि ब्रशच्या मुळाशी बुरशी धरते. झाकण उघडं टाका. ब्रश धुऊन, झटकून, केस खाली करून टांगा, न्हाणीघरात नको, वारा लागेल अशा खिडकीशी. आमच्या घरी ती खिडकी स्वयंपाकघराची आहे. त्यावरून काय बोलणी खावी लागतात, ते प्रश्नोत्तरात विचारू नका. बायको मागच्या रांगेत बसली आहे.