अपघाताआधीचा होगन

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचं नाव निघालं की गोष्ट सुरू होते ती धुक्यातल्या एका पुलापासून. समोरून आलेली बस, चेपून गेलेली गाडी, आणि सोळा महिन्यांनी जिंकलेली यूएस ओपन ही गोल्फस्पर्धा. गोष्ट खरी आहे. अंगावर काटा आणणारीही आहे. पण ती तिथून सांगायला घेतली की होगनवर थोडा अन्याय होतो. त्या पुलावर पोहोचला तेव्हा तो ३६ वर्षांचा होता, आणि त्यातली कितीतरी वर्षं त्यानं नुसतं हरण्यात काढली होती. आधी ती वर्षं बघू.

(दृश्य: टेक्सासमधलं जुनं रेल्वे स्टेशन, पेपर विकणारी मुलं)

जन्म १३ ऑगस्ट १९१२ चा, टेक्सासमधल्या स्टीफनव्हिलचा. वडील लोहारकाम करायचे. बेन नऊ वर्षांचा असताना त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आई शिवणकामावर घर चालवू लागली आणि धाकटा बेन फोर्ट वर्थच्या स्टेशनवर पेपर विकायला उभा राहू लागला. ग्लेन गार्डन नावाच्या क्लबात कॅडीला, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्याला, एका फेरीचे ६५ सेंट मिळतात हे कळल्यावर तो तिकडे गेला. गोल्फशी त्याची ओळख झाली ती अशी, दुसऱ्यांच्या बॅगा वाहून.

त्याच क्लबात त्याच्याच वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. १९२७ च्या नाताळात कॅडींची स्पर्धा झाली. दोघांची बरोबरी झाली, आणि जादा खेळात नेल्सन एका फटक्यानं जिंकला. पुढे हे दोघेही जगातले अव्वल खेळाडू झाले. एका छोट्या क्लबाच्या कॅडींमधून असे दोघे निघावेत, हे आजही नवल वाटतं.

नेल्सनला यश लवकर मिळालं. होगनला मिळेना. सतराव्या वर्षी तो व्यावसायिक स्पर्धेत उतरला, पैसे संपले, घरी परतला. पुन्हा निघाला, पुन्हा परतला.

दोष फटक्यात होता. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे झपकन वळतो, त्याला गोल्फमध्ये हुक म्हणतात. असा चेंडू जमिनीवर पडल्यावरही थांबत नाही, घरंगळत झाडीत जातो. होगनचा हुक अवेळी यायचा, नेमका दडपणाच्या क्षणी. फेरीतल्या अठरापैकी सतरा होल (चेंडू ज्यात घालायचा ते खड्डे) उत्तम खेळायचे आणि एका फटक्यात सगळं घालवायचं, हे त्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं आलं.

१९३८ साली तो आणि त्याची पत्नी व्हॅलेरी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या स्पर्धेला गेले. हातातले पैसे जवळजवळ संपलेले. सकाळी बाहेर येऊन बघतात तर गाडीची मागची चाकं चोरीला गेलेली. तरी तो मैदानावर पोहोचला, खेळला, आणि त्या बक्षिसाच्या पैशांवर दोघांचा पुढचा प्रवास निघाला. ती रक्कम मिळाली नसती तर होगन हे नाव आज कुणाला माहीत असतं का, शंकाच आहे.

(दृश्य: सरावाच्या पट्टीवर एकटा होगन, टोपी कपाळावर ओढलेली)

त्या काळात व्यावसायिक गोल्फर स्पर्धेआधी हात मोकळे करण्यापुरते चार फटके मारत. होगन दिवसच्या दिवस मारायचा. खेळ संपल्यावरही मारायचा. दूर मैदानात चेंडू गोळा करायला एक कॅडी उभा असायचा, आणि होगनचा हात बसला की त्या कॅडीला जागेवरून फारसं हलावं लागत नसे, असं पाहणारे सांगत. मुठीची पकड त्यानं बदलली. डावा हात दांड्यावर थोडा डावीकडे फिरवला, मनगटाची हालचाल नव्यानं बसवली. हळूहळू हुक गेला आणि त्या जागी डावीकडून उजवीकडे हलकेच झुकणारा, उतरल्यावर लगेच थांबणारा फटका आला. करून बघायचं, फसलं की का फसलं ते शोधायचं, एवढीच त्याची पद्धत.

मार्च १९४०, पाइनहर्स्ट. नॉर्थ अँड साउथ ओपन. एकट्याच्या नावावरचा पहिला विजय. लगेच पुढच्या दोन स्पर्धाही त्यानंच घेतल्या. त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं बक्षिसांच्या कमाईत तो पहिला होता. मग युद्ध आलं, लष्करी नोकरी आली. १९४६ ला पीजीए अजिंक्यपद, १९४८ ला पुन्हा पीजीए आणि यूएस ओपनही.

आणि मग २ फेब्रुवारी १९४९. फीनिक्सहून घरी परतताना व्हॅन हॉर्नजवळ धुक्यात एक बस ट्रकला ओलांडत थेट समोर आली. धडकेआधीच्या क्षणी होगननं स्वतःला व्हॅलेरीच्या अंगावर झोकून दिलं. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या रिकाम्या सीटमध्ये घुसला. तिला वाचवायला गेला म्हणून तोही वाचला. कटिप्रदेशाचं हाड, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी, सगळं मोडलेलं. पुढे रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या. न्यू ऑर्लिन्सहून डॉ. ऑल्टन ऑक्सनर यांना विमानानं आणलं गेलं. गुठळी वर सरकू नये म्हणून त्यांनी शरीराच्या खालच्या भागातून रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य शीर बांधून टाकली. जीव वाचला, पण पायांतलं रक्ताभिसरण कायमचं बिघडलं. इथून पुढे प्रत्येक फेरीआधी पायांना पट्ट्या गुंडाळायच्या आणि फेरी संपल्यावर सुजलेले पाय पाण्यात सोडून बसायचं.

(दृश्य: मेरियनचं अठरावं होल, पाठमोरा होगन, दोन्ही बाजूंना प्रेक्षकांची गर्दी)

जून १९५०, फिलाडेल्फियाजवळचं मेरियन. तेव्हा यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ३६ होल चालून खेळावे लागत. दुपारच्या फेरीत बाराव्या होलला त्याचे पाय लटपटले. हातातली आघाडी गेली. अठराव्याला पोहोचला तेव्हा बरोबरीसाठी चार फटक्यांत होल संपवणं भाग होतं. दुसऱ्या फटक्याला ग्रीन, म्हणजे होलाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, दोनशे यार्डांहून लांब. त्यानं एक नंबरचा आयर्न काढला. बॅगेतला सगळ्यांत अवघड क्लब (गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात), पातं जवळजवळ उभं, चूक झाली तर माफी नाही. चेंडू ग्रीनवर उतरला. ग्रीनवरचे दोन हलके फटके, म्हणजे पट, आणि बरोबरी. त्या फटक्याचा हाय पेस्किननं काढलेला फोटो गोल्फच्या इतिहासातला बहुधा सगळ्यांत प्रसिद्ध फोटो आहे. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा फेरीत, सगळ्यांत कमी फटके होगनचे: होगन ६९, लॉइड मॅन्ग्रम ७३, जॉर्ज फाझिओ ७५.

या विजयाचं श्रेय लोक जिद्दीला देतात. जिद्द होतीच. पण थकलेल्या पायांवर, अशा क्षणी चेंडू सरळ जातो तो जिद्दीनं नव्हे. दहा-बारा वर्षं मारलेल्या त्या फटक्यांनी जातो. बसनं होगनची हाडं मोडली, पण त्याचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची लकब, तिला मोडता आला नाही.

आता होगन मोजक्याच स्पर्धा खेळायचा. १९५३ साली सहा खेळला, पाच जिंकला. मास्टर्समध्ये २७४ फटके, तोवरच्या विक्रमापेक्षा पाचनं कमी. ओकमाँटला यूएस ओपन, सॅम स्नीडपेक्षा सहा फटके पुढे. मग ब्रिटनमधल्या ओपन चॅम्पियनशिपसाठी स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. तिथला चेंडू अमेरिकेतल्यापेक्षा लहान होता, जमीन टणक, वर समुद्राचा वारा. होगन बराच आधी जाऊन पोहोचला आणि मैदान पायांखालून घालू लागला. चार फेऱ्या अशा: ७३, ७१, ७०, ६८. दरवेळी आधीपेक्षा कमी. शेवटच्या दिवशी तर तो आजारी होता. चार फटक्यांनी जिंकला. या तिन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकणं त्याच्यानंतर कुणालाही साधलेलं नाही. चौथी मोठी स्पर्धा पीजीए, पण तिच्या तारखा ओपनशी भिडल्यामुळे ती खेळताच आली नाही. या चार स्पर्धांना मेजर म्हणतात. होगनची एकूण नऊ मेजर विजेतेपदं, त्यातली सहा अपघातानंतरची.

दहावं हुकलं ते १९५५ ला, सॅन फ्रान्सिस्कोत. जॅक फ्लेक नावाच्या अनोळखी खेळाडूनं प्लेऑफमध्ये त्याला हरवलं, आणि फ्लेकच्या हातातले क्लब होगनच्याच कंपनीचे होते. ही कंपनी त्यानं फोर्ट वर्थमध्ये काढली होती. तिथली क्लबांची पहिली खेप मनासारखी झाली नाही, म्हणून मोठं नुकसान सोसून त्यानं ती मोडीत काढली होती.

१९६७, मास्टर्स. होगन ५४ वर्षांचा. पट मारताना आता हात अडायचे, चेंडूवर वाकून तो कितीतरी वेळ नुसता उभा राहायचा. तिसऱ्या फेरीत शेवटची नऊ होल त्यानं ३० फटक्यांत पुरी केली. एकूण ६६. प्रत्येक ग्रीनवर लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी ७७ झाले. त्यानंतर मास्टर्समध्ये तो खेळला नाही. पुढची वर्षं क्लबांच्या कामात आणि सरावात गेली. २५ जुलै १९९७ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, फोर्ट वर्थमध्ये त्याचं निधन झालं.