तर्री, सोड्याच्या बाटल्या आणि पित्ताम्लं

रविवार, सकाळचे नऊ. पुण्यातल्या एका मिसळीच्या हॉटेलबाहेर ही गर्दी. आत तर्रीवर लाल तेलाचा तवंग, दाराशी सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. त्या क्रेटकडे जरा लक्ष असू द्या.

मिसळ खाल्ली आणि ‘पित्त झालं’ असं आपण म्हणतो, तेव्हा तक्रार असते जठरातल्या आम्लाची. खरं पित्त निराळं: हिरवट-पिवळं, यकृतात तयार होणारं. त्यातली पित्ताम्लं साबणासारखी तेलाचे बारीक बारीक थेंब करतात. त्याशिवाय ही तर्री पचायची नाही.

तेल लहान आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, पित्ताशय आवळतं आणि पित्त खाली येतं.

गंमत पुढेच आहे. शरीरात पित्ताम्लांचा एकूण साठा असतो जेमतेम २ ते ४ ग्रॅम. मग दिवसभराच्या जेवणाला तो पुरतो कसा?

बाटल्या परत येतात म्हणून!

काम उरकलं की पित्ताम्लं लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, इलियममध्ये पोचतात. तिथल्या पेशींवरचं ‘एएसबीटी’ हे वाहक प्रथिन सोडियमच्या जोरावर त्यांना आत ओढतं. पेशीच्या मागच्या दारानं ती रक्तात आणि पोर्टल शिरेतून थेट यकृताकडे. तिथलं दार म्हणजे ‘एनटीसीपी’. हिपॅटायटिस बीचा विषाणू याच दारानं घुसतो, हे २०१२ साली उघड झालं. यकृताच्या पेशीच्या दुसऱ्या टोकाला ‘बीएसईपी’ हा पंप पित्ताम्लांना पुन्हा पित्तात ढकलतो. दिवसाला अशा ४ ते १२ फेऱ्या.

इलियम यकृताला निरोपही धाडतं, ‘एफजीएफ १९’ या संप्रेरकाकरवी: माल पोचतोय, नवा कमी बनवा.

एखाद्याचं इलियम शस्त्रक्रियेत काढावं लागलं, तर पित्ताम्लं मोठ्या आतड्यात सांडतात, तिथे पाणी सुटतं आणि जुलाब लागतात.

आणि घरातला इसबगोल? त्याचा बुळबुळीत गर पित्ताम्लांना धरून शौचावाटे बाहेर नेतो. यकृताला नवी पित्ताम्लं घडवावी लागतात, कोलेस्टेरॉलपासूनच. त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. इसबगोलानं कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, ते असं.

बाहेर टेम्पो आलाय. ड्रायव्हर क्रेट मोजतोय. २४ खणांत २३ बाटल्या. इलियमचा हिशोबही साधारण इतकाच: शंभरातली पंच्याण्णव पित्ताम्लं परत.

‘एक कुठाय?’ ड्रायव्हर विचारतो.

‘फुटली,’ आतून उत्तर येतं.