फोन म्हणतोय अप टू डेट, मग पॅचची तारीख २०२३ ची कशी?

(कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये झालेल्या बोलण्याचं शब्दांकन. बोलणाऱ्यांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे.)

मागं आवाज पोचतोय काय? बरं. मंडळाच्या पोरांनी विषय दिलाय, जुन्या फोनला पुढचं अपडेट येणार काय. याचं उत्तर एका वाक्यात देऊन मी घरला जाऊ शकतो, तुमच्यातल्या बहुतेकांच्या फोनला येणार नाही. पण मग तुम्ही म्हणणार, का म्हणून नाही, फोन तर मस्त चालतोय की.

पुढच्या रांगेतनं कुणीतरी फोन द्या बघू. नवा नको, जरा मुरलेला. हां काका, तुमचाच द्या, पिन तुम्हीच टाका. आता सेटिंगमध्ये गेलो, सॉफ्टवेअर अपडेट दाबलं, गोल फिरतंय, फिरतंय... आलं बघा, तुमची सिस्टीम अप टू डेट आहे. काका खूश! आता मागं येतो, 'फोनविषयी'मध्ये जातो, अँड्रॉईड व्हर्जनवर टच करतो. अँड्रॉईड १२. त्याच्याखाली सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणारं अपडेट, त्याची तारीख वाचा काका मोठ्यानं. मार्च २०२३. ऐकलं का मागच्यांनी? फोन खोटं बोलत नाही हं, तो म्हणतोय कंपनीनं जेवढं पाठवलं तेवढं सगळं मी घेतलंय. पोस्टमन सांगतोय तुमचं एकही पत्र शिल्लक नाही, पण पाठवणाऱ्यानं लिहायचंच बंद केलंय त्याला तो काय करणार.

त्याच पानावर खाली तिसरी ओळ आहे, गूगल प्ले सिस्टीम अपडेट. हिची तारीख वेगळी असते, आणि काकांच्या फोनला इथं काहीतरी आलेलं दिसतंय. माझ्या हॉटस्पॉटवर डाऊनलोडला लावतो, तोवर आपण बोलू.

अपडेट अडतंय कुठं? तुमच्याकडं जुनी राजदूत असली आणि तिचा एखादा पार्ट बाजारात मिळत नसला तर काय करता, उद्यमनगरात नेता, तिथला माणूस पार्ट हातात घेऊन उलटसुलट बघतो आणि लेथवर तसाच दुसरा काढून देतो. फोनचं तसं होत नाही. गूगल दरवर्षी नवा अँड्रॉईड काढतं, पण तुमचा कॅमेरा, नेटवर्क, स्क्रीन हे सगळं चालवायला चिपच्या कंपनीचे, म्हणजे क्वालकॉम नाहीतर मीडियाटेक वगैरेचे, ड्रायव्हर लागतात, ड्रायव्हर म्हणजे तो तो भाग चालवणारा प्रोग्राम, आणि ते बंद डब्यात असतात, आत काय लिहिलंय ते कुणाला दाखवत नाहीत. चिपवाल्यानं नव्या अँड्रॉईडसाठी ड्रायव्हर दिलेच नाहीत तर फोनवाली कंपनी अडकली. आणि दिले तरी प्रत्येक मॉडेलवर टेस्टिंग आलं, माणसं बसवायला लागतात, आणि एकदा विकलेल्या फोनातनं कंपनीला त्याचे पैसे थोडेच मिळणारेत.

माझं स्पष्ट मत आहे, चिपचं कारण अर्धंच खरं, बाकीचा अर्धा आळस. फेअरफोन म्हणून नेदरलँडची एक छोटी कंपनी आहे, त्यांचा फेअरफोन २ आला २०१५ मध्ये, अँड्रॉईड ५ घेऊन. चिपवाल्यांनी अँड्रॉईड ६ नंतर त्या चिपवर हात वर केले. ह्यांनी बाहेरच्या हौशी प्रोग्रामरांचं काम हाताशी घेऊन तोच फोन अँड्रॉईड १० पर्यंत ओढत नेला आणि मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. लेथवर पार्ट काढला म्हणा की! मूठभर माणसांच्या कंपनीला जमतंय आणि कोट्यवधी फोन विकणाऱ्यांना जमत नाही, हे मला तरी पटत नाही.

गूगलनंही गाठ सोडवायला बघितली. २०१७ मध्ये अँड्रॉईड ८ बरोबर ट्रेबल आणलं, म्हणजे ड्रायव्हरचा भाग आणि अँड्रॉईडचा भाग वेगळा केला, एक बदलताना दुसरा उचकटायला नको. २०१९ मध्ये अँड्रॉईड १० पासून सिस्टीमचे काही तुकडे प्ले स्टोअरसारखे थेट गूगलकडनं यायला लागले, काकांच्या फोनात आत्ता उतरतंय ते तेच. सगळी भोकं त्यानं बुजत नाहीत, पण काहीच न येण्यापेक्षा बरं.

आता कामाचं ऐका. मागच्या आठवड्यात दुकानात एक मावशी आल्या, म्हणाल्या, "मी तर दर महिन्याला बघतो, दोन वर्सं पण झाली न्हाईत घेऊन, अपडेट का येईना झालंय?" बिल दिवाळीच्या ऑफरचं, खरंच दोन वर्षांच्या आतलं. पण मॉडेल बाजारात येऊनच साडेतीन वर्षं झालेली, आणि कंपनीचा वायदा होता तीन वर्षांचा. घड्याळ मॉडेल बाजारात आल्या दिवसापासनं चालू होतं, तुम्ही बॉक्स फोडल्यापासनं नाही. ऑफरमध्ये फोन स्वस्त का मिळतो याचं हे पण एक कारण आहे आणि काउंटरवरचा पोरगा ते सांगत नाही, खरं तर त्यालाही माहीत नसतं. तेव्हा रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचाराच, पण मॉडेल कधी लाँच झालं आणि अपडेट किती वर्षं हे दोन प्रश्न आधी विचारा.

युरोपवाल्यांनी २० जून २०२५ पासून नियम लावलाय, त्यात मोजणी उलटी आहे, मॉडेलची विक्री थांबल्यापासनं पुढं किमान ५ वर्षं अपडेट द्यायचं. तसा नियम लावला तर मावशींचा प्रश्नच मिटतो, पण तो तिकडचा.

वायदे मात्र वाढलेत हे मान्य करायला पाहिजे. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला ७ वर्षं सांगितली, सॅमसंगनं २०२४ च्या जानेवारीत एस२४ ला तेवढीच, आणि महागड्यांचंच कौतुक नको, गॅलक्सी ए१६ फाईव्हजीला पण ६ वर्षं आहेत. आयफोनवाले आधीपासनं बरे, २०१५ चा सिक्स एस २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत गेला. पण तिथंही शेवट आहेच, २०१८ चे एक्सएस आणि एक्सआर आयओएस २६ मधनं बाहेर पडले.

कोण विचारलं, फोन फेकून द्यायचा काय? फेकू नका राव. अपडेट थांबलं म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. व्हॉट्सअपला २०२५ मध्येसुद्धा अँड्रॉईड ५ चालत होतं, म्हणजे २०१४ चं. बँकेची ॲप जरा आधी कुरकुर करतात. मी गिऱ्हाइकाला सांगतो, असल्या फोनवर गाणी ऐका, नातवाला कार्टून लावा, पण पेन्शनचं खातं त्यावर ठेवू नका आणि कुणी व्हॉट्सअपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाईल, म्हणजे दाबली की फोनात ॲप बसवणारी फाईल, पाठवली तर हात लावू नका. तसली फाईल टाकून घेतलेले फोन माझ्याकडं येतात. जुना पॅच सोडा, नव्या फोनवरसुद्धा त्यानं वाट लागते.

काका, तुमचं डाऊनलोड झालं बघा. रिस्टार्ट मागतंय, करू? केलं. वरची तारीख मार्च २०२३ च राहणार, फक्त खालची ओळ पुढं सरकेल. आला चालू. घ्या, पिन टाका, आणि हळू टाका, मागच्या रांगेतली पोरं वाकून बघायला लागलीत.